हिरवी साडी आणि इन्फ्रारेड कॅमेरा

चांगला चालता कॅमेरा मुद्दाम बिघडवून घ्यायला माणूस किती येडा असावा लागतो? माझ्याएवढा. केनियाला जायच्या आधी मालाडच्या एका दुरुस्तीवाल्याकडून मी कॅमेऱ्यातली काच बदलून घेतली. आता त्याला फक्त इन्फ्रारेड दिसणार, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड. त्यात झाडं-गवत पांढरं येतं, आकाश काळंकुट्ट. "साधे फोटो विसरा हां आता," तो म्हणाला. मी म्हटलं, साधे फोटो अख्खं मुलुंड काढतं.

बायको आणि आई बरोबर होत्या. बाबा गेल्यापासून आठ वर्षं आईच्या अंगावर फिकी साडी आणि कपाळावर मोहरीएवढी काळी टिकली. कोणी सांगितलं नव्हतं तिला. पण सोसायटीतलं हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं, तिळगूळ तेवढा वाटीतून घरपोच यायचा. मला त्या वाटीचा भयंकर राग यायचा. तिळगूळ मीच खायचो, ते सोडा.

सॅव्हानात मी चेकाळलोच. नजर पोचेल तिथवर गवत, मध्येच एखादं चपट्या डोक्याचं काटेरी झाड. बाकीचे सिंह शोधत होते आणि मी ढग. "अरे सिंह समोर बसलाय, आणि तू झुडपं काय काढतोयस?" बायको खेकसली.

शेवटच्या सकाळी आई तंबूतून बाहेर आली ती बाबांनी घेतलेली हिरवीगार साडी नेसून. कपाळावर ठसठशीत लाल कुंकू. मी बघतच राहिलो.

"हंय माका कोण वळाखता?" ती म्हणाली. "काढ फोटो."

बायकोने मोबाइल काढला, तर मी डाफरलो, "ठेव तो. मी कशाला आहे?" आईला झाडाखाली उभं केलं, फोटो काढला, मागच्या स्क्रीनवर बघितला. झाड झकास आलं होतं. आई कशी आलीय ते मी बघितलंच नाही.

घरी आल्यावर सगळे फोटो टीव्हीवर लावले. आईचा तो फोटो आला. पांढरं झाड, पांढरं गवत, पांढरी साडी. लाल कुंकू कातडीत विरघळून गेलेलं, कपाळ कोरं. वाट लागली! आठ वर्षांत ती एकदा सजली, आणि मी दीडशहाण्याने तिला पुन्हा विधवा करून टीव्हीवर लावलं.

मी इन्फ्रारेड समजवायला लागलो, तर बायको म्हणाली, "गप रे." आई उठून आतल्या खोलीत गेली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

दहा मिनिटांनी ती बाहेर आली. तीच साडी, तसंच कुंकू, पायात चपला. संध्याकाळचे सहा वाजले होते. खाली बाकांवर सोसायटीतल्या सगळ्या बायका जमलेल्या.

"मोबाइल घे," आई म्हणाली. "तुजो तो डबो नको माका."

"गच्चीवर जाऊया का?" मी हळूच विचारलं.

"गच्चीर कोण बघतला?" म्हणाली, आणि तिने लिफ्टचं बटण दाबलं.