मवाळ फलनाचा पत्ता

माझा पीएचडीचा प्रबंध गणिताचा आहे आणि त्यात एक संज्ञा पानोपानी येते. प्रबंध इंग्रजीत आहे. त्या संज्ञेला मी इथं 'मवाळ फलन' म्हणतो. फलन म्हणजे एक आकडा घातला की ठरलेला दुसरा आकडा काढून देणारा नियम, एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल. असल्या नियमांपैकी मवाळ कुठले आणि कुठले नाहीत, हे नांदेडच्या ज्या कॉलेजात मी संशोधन केलं तिथं कुणालाच माहीत नव्हतं. त्या संज्ञेवर मात्र तिथं चार जण डॉक्टर झाले होते. पाचवा मी.

मी कंधार तालुक्यातला. वडील गवंडी. घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, मला विद्यार्थी म्हणून घेतलं, हॉस्टेलला खोली मिळवून दिली, हे मी विसरलेलो नाही. त्यांचे उपकार आहेतच. पण उपकारानं प्रमेय सिद्ध होत नाही, हे कळायला मला चार वर्षं लागली.

गणिताचा मजकूर नीट मांडून छापायचा एक फुकटचा प्रोग्रॅम असतो. तो मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. त्याला एक जोड मिळते. संज्ञेची व्याख्या जिथं दिली असेल तिथं खूण करायची. मग ती संज्ञा पुढं कुठंही आली की निळी दिसते आणि तिच्यावर बोट दाबलं की वाचक थेट व्याख्येच्या पानावर जातो. आमच्या गावात पारावर कुणाचं नाव विचारलं तर माणसं नुसता हात करत नाहीत, दारापर्यंत सोडून येतात. तसंच हे. आणि ज्या संज्ञेची व्याख्या कुठंच नाही, ती लाल दिसते.

आठवडाभर मी खुणा करत बसलो. मग फाइल चालवली. दुसऱ्या प्रकरणापासून शेवटापर्यंत मवाळ फलन लालच लाल.

उलट पहिल्या प्रकरणात चाळीसेक व्याख्या होत्या आणि त्यांतल्या दोन-तीन सोडल्या तर बाकीच्यांकडं पुढच्या कुठल्याच पानावरून वाट येत नव्हती. ते प्रकरण मी लिहिलेलंच नव्हतं. कॉलेजातल्या आमच्या संशोधन केंद्रात हॉस्टेलची गादी जशी जुन्या पोराकडून नव्याकडं येते, तसं पहिलं प्रकरण पेन ड्राइव्हवरून येतं. गादीला निदान ऊन तरी दाखवतात.

मला वाटलं, व्याख्या माझ्याकडून सुटली असेल. विभागाच्या कपाटातून आधीचे प्रबंध काढले. चौथ्यात लिहिलं होतं, व्याख्येसाठी तिसरा पाहा. तिसऱ्यात, दुसरा पाहा. दुसऱ्यात पहिला, आणि पहिल्यात सरांचा स्वतःचा प्रबंध. तो कपाटात सगळ्यात वर, काचेला चिकटून ठेवलेला होता. त्यात त्या जागी एकच ओळ होती: जसे सर्वज्ञात आहे.

मी सरांकडे गेलो.

"सर, मवाळ फलनाची व्याख्या सापडत नाही."

"अहो, ती काय व्याख्या करायची गोष्ट आहे का? सगळ्यांना माहीत असतं."

"मला नाही माहीत, सर."

"कमाल आहे तुमची." त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. "जे फार वळवळ करत नाही, ते मवाळ."

"फार म्हणजे किती?"

"किती म्हणजे? योग्य तेवढी."

बिस्कीट तुटून कपात पडलं. ते चमच्यानं काढून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "ते लाल बंद करता येतं का?"

"येतं, सर."

"मग करा की. परीक्षकाला लाल दिसलं तर काय वाटेल?"

मी ते बंद केलं. एका ओळीचं काम होतं. लाल गेलं, साधा काळा रंग आला, आणि मला हलकं वाटलं, हे लिहायला आजही लाज वाटते. सरांना हसायचा हक्क मला नंतर मिळाला. त्या दिवशी आम्ही दोघं एकाच मापाचे होतो.

त्याच आठवड्यात गावी गेलो. वडिलांना मोबाइलवर प्रबंध दाखवला. त्यांना इंग्रजी येत नाही, पण निळ्यावर दाबलं की पान पळतं, ही गंमत त्यांना आवडली. "लई भारी हाय की रे," म्हणून ते दाबत राहिले. मग त्यांचं बोट काळ्या मवाळ फलनावर पडलं.

"ह्याला दाबल्यावर कामून कुटं जाईना?"

"ते तसंच आहे, दादा."

"तसंच कसं? दर पानावर हेच दिसून राहिलंय." माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "सगळ्या खोल्या बांधल्या आन् दार ठिवायचं इसरलास जनू."

परत आल्यावर मी लाल पुन्हा चालू केलं आणि व्याख्या लिहायला बसलो. अडीच ओळींना दोन महिने लागले. वळवळ किती चालेल, ते एकदाचं ठरवलं. मग त्या अडीच ओळी हातात धरून प्रबंधातली सहाही प्रमेयं पुन्हा तपासली. चार उभी राहिली. दोन पडली, आणि तीही अशी पडली की मुळात उभी कशावर होती याचंच नवल वाटावं. ती काढली. पहिल्या प्रकरणातल्या ज्या व्याख्यांकडं कुणी येत नव्हतं, त्याही काढल्या. उरलं ते सगळं निळं होतं. मवाळ फलनावर कुठूनही दाबलं की पान एकोणीस.

सरांच्या पुढं प्रत ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. आडवी धरून कडेनं पाहिली.

"एवढाच?"

"सर, दोन प्रमेयं चूक निघाली."

"ते असू द्या हो. पण हा कपाटात उभा राहील का? कण्यावर तुमचं नाव सोन्यात यायला पाहिजे. आपल्या केंद्राची पद्धत आहे ती. जाडी आणा, मग सही करतो."

माझी नोंदणी संपायला नऊ दिवस राहिले होते. सही नाही तर पदवी नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची आमच्या घराची ऐपत नव्हती. दोन खोटी प्रमेयं आणि पेन ड्राइव्हवरचं प्रकरण परत घातलं असतं तर जाडी एका क्लिकमध्ये आली असती. ती प्रत काखेत मारून मी बाइंडिंगच्या दुकानात गेलो.

दुकानदार चाचांची ही तिसरी पिढी. आधीचे चारही प्रबंध त्यांनीच बांधलेले. त्यांनी पानं चाळली आणि मान वर केली.

"भैया, ह्यातला पहिला चॅप्टर कुठं हाय?"

"काढला, चाचा. त्याचा उपयोग नव्हता."

"उपयोग?" चाचा हसले. "अरे, तो जाडीसाठीच असतो. मला वाटलं, तुला मालूम हाय."

म्हणजे ज्याला गणिताचा गंध नाही, त्या माणसाला आमच्या केंद्राचं गणित पाठ होतं. मी सगळी अडचण सांगितली. चाचांनी हातातली सुई टेबलावर ठेवली.

"खोटं कामून घालतोस मग? कागद जाड लाव. एका बाजूनंच छाप. पुढं-मागं दोन-दोन पुठ्ठे मी घालतो. असा ताठ उभा करतो की तुझे सर खुश!"

तसंच केलं. सरांनी प्रबंध हातात तोलला आणि टेबलावर उभा केला. तो उभा राहिला. त्यांनी सही केली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलं पान आणि शेवटचं पान पाहिलं, माझं गाव विचारलं, कंधारचा किल्ला पाहायचा राहून गेला म्हणाले आणि जेवायला गेले. मवाळ फलन म्हणजे काय, हे कुणीही विचारलं नाही. मी डॉक्टर झालो. वडिलांनी गावात पेढे वाटले. त्यांच्या पेढ्यांना मी हसणार नाही, बाकी सगळ्याला हसतो.

आता मी उदगीरला शिकवतो. सरांचा एक नवा शोधनिबंध मागच्या वर्षी आला. त्यात माझी चारही प्रमेयं आहेत. अडीच ओळी नाहीत. त्यांच्या जागी लिहिलंय, जसे सर्वज्ञात आहे.

परवा एका मुलीचा फोन आला. जळकोटची, सरांची नवी विद्यार्थिनी.

"सर, बाइंडिंगवाल्या चाचांनी तुमचा नंबर दिला. मी संज्ञा जोडून राहिले तर मवाळ फलन सगळीकडं लाल येऊन राहिलंय."

"सरांना विचारलंस?"

"हाव. ते म्हणाले, सगळ्यांना माहीत असतं."

"माझा प्रबंध काढ कपाटातून. पान एकोणीस," मी म्हणालो. "आणि चाचांना आत्ताच जाड कागद सांगून ठेव."