निळ्या रंगाचा वर्ग

प्रिय मुलांनो, तुम्ही शाळेत ओल्या कागदावर काढलेली चित्रं काल पोस्टाने आली. पाकीट उघडताच रंगांचा वास आला, म्हणून हे आजच लिहिते.

निजामाचं राज्य जाण्याआधीचे ते महिने. सुलतान बाजारजवळच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका झाले होते. शिकवण्याची नवी रीत दाखवायला परदेशी शिकून आलेल्या एक बाई आल्या. त्यांनी आम्हां शिक्षिकांना पुस्तकं मिटायला लावली, ओले कागद आणि लाल, पिवळा, निळा असे रंग दिले. म्हणाल्या, "मनात येईल ते रंगवा."

आमच्या मनातलं यांना कशाला हवं? तेव्हा हिरवा निजामाच्या बाजूचा, भगवा त्याच्या विरोधकांचा. नोकरी जायला कागदावर तसा एक रंग दिसणं पुरे होतं. मिसळून तसं काही होऊ नये म्हणून सगळ्यांनी एकटा निळाच उचलला.

"सगळीकडे आभाळच?" बाईंनी विचारलं.

माझ्या शेजारी बसलेली शिक्षिका जोहराआपा पुटपुटली, "आसमान किसीका नै ना, बाई."

बाई हसल्या. त्यांनी माझ्या कागदावर पिवळा सोडला, त्याला लागून लाल. पिवळा निळ्यात शिरून हिरवा झाला, लालात शिरून भगवा. मी घाबरून त्या रंगांवर तळहात दाबला. जोहराआपाने झटकन रुमाल दिला. "हाथ पोंछ जल्दी, कोई देखा तो!"

बाई भोळ्या होत्या की आम्हांला जोखत होत्या, मला आजही ठाऊक नाही. पुढे मीही मुलींना ओले कागद दिले. पण कुणाचं चित्र बघून तिचं मन ओळखायला गेले नाही.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. रंग विटलेत, तळहाताचा ठसा स्पष्ट दिसतो.