घाटात चित्र गेलं तेव्हा

सायकलशर्यत टीव्हीवर थेट दाखवताना लोकांना हेलिकॉप्टर दिसतं. आमचं विमान दिसत नाही. ते त्याच्याही खूप वर, एकाच जागी घिरट्या घालत राहतं. खाली मोटारसायकलवर मागे बसलेला कॅमेरावाला चित्र आमच्याकडे वर पाठवतो आणि आम्ही ते शर्यतीच्या शेवटी उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या गाडीत खाली सोडतो. मध्ये डोंगर आला की जमिनीवरून चित्र पुढे जात नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. पुढे पायलट, मागे यंत्रांसमोर मी. पाणी बेतानंच प्यायचं, कारण विमानात सोय नसते.

त्या वर्षी शर्यत माझ्याच जिल्ह्यातून होती. नांदुऱ्याहून निघून मलकापूर, मोताळा, मग राजूर घाट चढून बुलढाण्यात शेवट. नांदुऱ्यात माझे वडील राहतात, बाजार समितीतून निवृत्त झालेले. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "टीव्ही अंगणात मांडून राह्यलो. सारी गल्ली येते पाहाले. तू दिसशीन का?"

"मी नाही दिसत, बाबा. मी दाखवते."

"हाव, तेच सांगतलं मी सर्वायले."

अकोल्याहून उडालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. पायलट नाशिकचे, पन्नाशी ओलांडलेले, मोजकं बोलणारे. मोताळा मागे पडेपर्यंत काम सुरळीत चाललं. घाटाच्या पायथ्याशी दोघे सायकलस्वार बाकीच्यांना सोडून पुढे निघाले आणि माझ्या छोट्या पडद्यावर त्यांचे घामेजलेले चेहरे आले. तेवढ्यात पायलट म्हणाले, "जरा पश्चिमेला बघा."

अजिंठ्याच्या डोंगराकडून एक ढग वर चढत होता. पावसाळ्यातल्यासारखा पसरलेला नाही, उभाच्या उभा, खाली जांभळट काळा. आमच्याकडे फाल्गुनात असा ढग आला की गहू-हरभऱ्याची वाट लागते. पायलटनी घिरटी पूर्वेकडे सरकवली. चित्र लगेच तुटायला लागलं. कानातल्या यंत्रात खालून दिग्दर्शकांचा आवाज आला, "मॅडम, सरकू नका. घाट हातचा जातोय."

मी पायलटना सांगितलं. ते थोडे परत आले. विमानाला एक हिसका बसला, मग दुसरा. माझी बाटली घरंगळत पुढे गेली. ढगाच्या आत लख्ख उजेड झाला.

"यात गारा आहेत," पायलट म्हणाले. "मी निघतो म्हणतोय. तुमचं काय?"

दिग्दर्शक कानात सांगत होते, "थोडा वेळ काढा. दोघंच उरलेत. अख्खी शर्यत याच्यासाठी दाखवली आपण."

विमान उडवणारे पायलट होते, मला विचारायची त्यांना गरज नव्हती. पण ते मान वळवून माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "चला."

खाली कळवलं आणि विमान अकोल्याकडे वळलं. माझ्यासमोरचे पडदे एकामागून एक काळे झाले. शेवटी दिसलं ते घाटातलं एक वळण आणि त्याच्याकडे जाणाऱ्या दोन पाठी.

उतरल्यावर फोन चालू केला तर दिग्दर्शकांचाच आला. ते ओरडले नाहीत. "इथं ऊन आहे, मॅडम," एवढंच म्हणाले. ढग बुलढाण्यावर आलाच नव्हता. मध्येच वळून सातपुड्याकडे निघून गेला होता. आणि चित्र नसताना त्या वळणावर पुढचा पोरगा पडला होता. मागच्यानं आपल्या हँडलला धक्का दिला, असं तो म्हणाला. मागचा म्हणाला, हा आपणच खडीवरून घसरला. पंचांची गाडी अजून वळणाच्या अलीकडे होती. मागचा जिंकला. पडलेल्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. ज्याला त्याला एकच हवं होतं, चित्र. ते कुठेच नव्हतं.

संध्याकाळी नांदुऱ्याला घरी गेले. टीव्ही पुन्हा आत ठेवलेला होता, सतरंज्या गुंडाळून भिंतीशी लावलेल्या. बाबांनी पाणी दिलं.

"इथं तं साजरं ऊन होतं," ते म्हणाले.

"वर नव्हतं, बाबा."

"मंग काऊन उतरले तुमी?"

"पायलटनं इचारलं. मी हो म्हटलं."

"काऊन?"

"मले भेव वाटलं."

त्यांनी रिकामा पेला उचलला आणि म्हणाले, "कोणी इचारलं तं मशीन बिघडलं म्हणजो. मी तसंच सांगतलं."

मी बरी परत आले हे त्यांना हवंच होतं, त्यात शंका नाही. पण ते त्यांनी म्हटलं नाही. सकाळी शेजारच्या काकूंनी विचारलं, तेव्हा मी मशीन बिघडलं असं म्हणाले नाही. ढग होता, म्हणून उतरलो, असं सांगितलं. काकूंनी आभाळाकडे पाहिलं आणि मान हलवली. दारातले बाबा आत गेले.

पुढच्या शर्यतीला पायलटना बोलावलं नाही, मला बोलावलं. वाईट वाटून मी त्यांना फोन केला. म्हणाले, "तुम्ही नाही म्हणाला असतात तरी मी निघालोच असतो."

"मग विचारलंत कशाला?"

"तुम्हीही त्याच विमानात होतात ना."

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो ढग आमच्यावर आला असता की नाही, हे मला अजून कळलेलं नाही, आणि घाटात त्या पोराला कुणी ढकललं का, हेही नाही. दोन्हीही एकाच वेळच्या गोष्टी आहेत, म्हणून एक आठवलं की दुसरं आठवतं.

आता नवा पायलट आहे. तरुण आहे, बोलका आहे, गाणी म्हणतो. हवेबद्दल तो मला काही विचारत नाही. मीच पडद्यांवरून नजर काढून अधूनमधून खिडकीबाहेर बघते, आणि तिकडे काय दिसतंय हे त्याला विचारते.