तिसऱ्या हाकेचा महिपत

दारावर थाप पडली तेव्हा मनकर्णाबाईंच्या तव्यावर ज्वारीची भाकरी होती आणि दौलतच्या गालावर साबणाचा फेस. दोघंही जागच्या जागी थांबले. त्या वर्षांत आदिलाबादकडं सकाळची थाप कुणालाच आवडत नसे. पोलीस येत, नाहीतर जंगलातले नक्षलवादी येत, आणि दोघंही आधी नाव पुकारत. ही थाप मात्र मुकी होती.

"महिपत असन," दौलत म्हणाला. "तोच एक हाक मारत नाई."

महिपत जंगलखात्याचा जीपड्रायव्हर. भीमपूरकडच्या कापूसवाल्या घरातला, उंचापुरा, कमी बोलणारा. जीप कुठल्याही नाल्यातून काढायचा. पण हाकेला लगेच ओ द्यायचा नाही. त्याच्या आईनं शिकवलं होतं, रानात कुणी नाव घेतलं तर तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. माणूस असला तर तिसऱ्यांदा मारतोच. दुसरं काही असलं तर दोनदाच मारतं. चेकनाक्यावरची पोरं त्याला 'तिसरी हाक' म्हणत आणि लग्नात अंतरपाट धरल्यावरही हा थांबला होता का, असं विचारत.

बायकोच्या हाकेला थांबलं तर संसार फार तर करपतो. वायरलेसवर थांबणं निराळं. रेंजरसाहेबांच्या हाका वाया जाऊ लागल्या, तेव्हा त्यांनी दोष जीपवरच्या जुन्या एरियलवर टाकला आणि नवा पाठवला. सोबत एक स्कॅनर, एकामागून एक स्टेशनं आपोआप ऐकत फिरणारा. दौलत वायरलेस मेकॅनिक. बसवायचं काम त्याचं, आणि कुठला एरियल चालेल हे ठरवायचंही त्याचंच. साहेबांनी बजावलं होतं, नव्यावरही महिपत बोलला नाही, तर जीप काढून घेऊन त्याला लाकडं राखायला डेपोत बसवायचं.

जीप दारातच उभी होती. वर ताडपत्री, लोखंडी टप नाही, म्हणून दौलतनं एरियल पुढच्या मडगार्डवर आवळला. लांब कांडी, मध्ये तारेचं वेटोळं.

"याच्यात जंगलखातं, पोलीस, नदीपल्याडचं महाराष्ट्रातलं, सगळंच येते," तो म्हणाला. "जुना आपल्या खात्याच्या एकाच पट्ट्यासाठी कापलेला. हा सगळ्यांचं ऐकते, पण कोणाचंच धड नाई."

"म्हंजे तुमच्यावानीच," मनकर्णाबाई दारातून म्हणाल्या. "महिपतभाऊ, चहा झाला."

महिपत हलला नाही. त्या हसल्या. त्यांना सवय होती.

"भाऊ, असाच एरियल आधी एकदा बसवला होता," महिपत एकदम बोलला. "मागच्या पावसाळ्यात, बेज्जूरकडं. प्राणहितेच्या काठी उभा होतो. फकिरा गार्डाचा आवाज आला, महिपत, जीप खाली आण. दोनदा. मी ओ देला अन् उतरवली. पुढची चाकं पाण्यात गेली तवा थांबलो. मांगं येऊन पाह्यतो तर फकिरा नाक्यावर झोपलेला. सेट त्याच्यापाशी नव्हताच. पुढं तो एरियल बांबूत अडकून मोडला, पण माही सवय पक्की झाली."

"झोपेत बडबडला असन," दौलत म्हणाला. त्याच्या घरात भूतखेत मानत नसत. बुद्धाच्या तसबिरीखाली बसून सोल्डरिंग करणारा माणूस तो. त्यानं माइकची पिन काढून माइक घराच्या खिडकीत ठेवला आणि स्कॅनर सुरू केला.

आधी पोलीस, कुठल्याशा लॉरीचा नंबर तेलुगूत. मग पल्याडचा कुणी नागपुरी बोलीत डिझेल मागत होता. मग खरखर.

"महिपतभाऊ," सेट म्हणाला.

मनकर्णाबाईंचा पदर दातात होता. आवाज त्यांचाच होता. शेवटचा 'ऊ' जरासा लांबवायची त्यांची सवय, तीसुद्धा.

"महिपतभाऊ. खाली या."

महिपतनं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले होते. दौलतचा हात खिडकीतल्या माइककडं गेला आणि अर्ध्यातच थांबला. खरखर चालू राहिली. तिसरी हाक आली नाही. स्कॅनर पुढं सरकला आणि पोलीस पुन्हा लॉरीचा नंबर सांगू लागले.

"तुहाच आवाज कुठून तरी आदळून वापस आला असन," दौलत म्हणाला.

"माइक तर तुमी काढून ठेवला," त्या म्हणाल्या. "अन् 'खाली या' मी कवा म्हटलं?"

दौलतनं सेट बंद केला. पाना हातात घेऊन तो मडगार्डपाशी गेला, तिथंच उभा राहिला. हा एरियल काढला तर साहेबांना कारण लिहून द्यावं लागणार. ठेवला तर हा माणूस बोलणार नाही, आणि डेपोत जाणार.

मनकर्णाबाई पायरी उतरून महिपतच्या समोर गेल्या, अगदी तोंड दिसेल इतक्या जवळ.

"भाऊ, आता मीच बोलून राह्यली. दिसते ना? काय पायजे तुमाले, सांगा."

महिपत त्यांच्या ओठांकडं बघत राहिला. मग दौलतकडं वळला.

"भाऊ, जुनाच एरियल राहू द्या. त्याच्यावर आपलेच लोक बोलतात. त्याच्यावर मी पहिल्या हाकेले ओ देईन."