पदर कुठल्या खांद्यावर

आत्याचं तोंड मी तयार केलं आणि ते बघून मलाच उमासे आले. लॅपटॉपच्या पडद्यावर काहीतरी तपकिरी-हिरवट, लिबलिबीत पसरलं होतं, डब्यात विसरलेल्या अळूच्या फदफद्यासारखं. त्याला डोळे होते, हे जास्त वाईट.

त्याचं असं झालं. आत्याच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला आणि नवीन पनवेलच्या बिनलिफ्टच्या इमारतीतून ती खाली उतरेनाशी झाली. मी आणि दादा लहान असताना टीव्हीला जोडायचा गेम तिनेच आणला होता, आणि तिच्या हातून तो मिळवायला आम्हाला भोकाड पसरावं लागायचं. वाढदिवसाला काय आणू विचारलं, तर म्हणाली, "आणतोस काय? मला एकदा उडी मारायचीय. टुणकन. त्या गेममधल्यासारखी."

एवढ्यावर गप्प बसलो तर तो मी कसला! "आत्या, गेममध्ये तुलाच घालतो," असं नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहीर करून मोकळा झालो.

जुन्या गेमच्या फाइलमधली चित्रं बाहेर काढायची, फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवायची, परत आत बसवायची. मी शहाणपणाने आत्याचा फोटोच घेतला आणि नखाएवढा बारीक केला. सॉफ्टवेअर स्वभावानेच गुळगुळीत. कडा मऊ करायच्या म्हणून त्याने दर दोन रंगांच्या मध्ये नवे रंग कालवले. गेमला एका चित्रात खपतात तीनच रंग. उरलेल्यांचा जो चोथा झाला, तो मी दादाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "आत्या आहे की तव्यावर फुटलेला बोंबील?"

मग किळस गिळून एकेक ठिपका हाताने भरायला बसलो. एक रंग कातडीचा, एक केसांचा आणि चष्म्याचा, एक साडीचा. घरात ती गाऊनमध्ये वावरते, पण गेममध्ये साडीच हवी, अशी ताकीद होती. डाव्या खांद्याकडे केसांच्याच रंगाची तिरकी रेघ ओढली, की झाला पदर. शत्रूंच्या जागी न्हावा शेवा बंदरातले कंटेनर काढले. ते चौकोनी, म्हणून मला जमले.

वाढदिवसाला दादा आणि मी आत्याकडे गेलो आणि लॅपटॉप तिच्या टीव्हीला जोडला. आत्याने बटण दाबलं आणि ठिपक्यांची आत्या कंटेनरवरून टुणकन पलीकडे गेली.

"अगं बाई! मीच की रे ही!"

मग ती सपाट रस्त्यावरही उड्या मारत सुटली. मागे एक नाणं राहिलं म्हणून वळली, आणि चहात माशी दिसावी तसं तिचं तोंड झालं.

"शी! ही कोण?"

"तूच की."

"जाताना मी होते. उजव्या खांद्यावर पदर घेऊन ही कोण परत येतेय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. या गेममध्ये उजवीकडे तोंड केलेलं एकच चित्र असतं. डावीकडे वळलं की गेम तेच आरशासारखं उलटं करून दाखवतो. शर्ट घातलेल्या हिरोला त्याचं काय! साडी नेसवली मी.

दादा म्हणाला, "आत्या, गुजराती पदरही शोभतो हो तुला."

"तू गप रे! लग्नात फोटोवाल्याने फोटो उलटा छापला, तोसुद्धा मी परत करायला लावला होता."

"दुरुस्त करतो," मी पुटपुटलो.

"कर. तोवर मी वळायचीच नाही."

आणि नाहीच वळली. नाणी मागे राहिली, त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढे मोठा खड्डा आला. तो ओलांडायचा तर थोडं मागे येऊन धाव घ्यावी लागते. आम्ही दोघंही ओरडलो, "आत्या, मागे ये, मागे!"

तिने उभ्या जागेवरून उडी मारली आणि गेली थेट खड्ड्यात, पदर डाव्या खांद्यावर.

"बघता काय? परत लावा," ती म्हणाली. "तसला पदर घेण्यापेक्षा खड्डा बरा."