डचेस गाईचा टब

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी टॅमझिन प्रिडमोरची निळी गाडी माझ्या पुलावरून गावाकडे जायची आणि साडेसहाला परत यायची. जाताना केस कोरडे, येताना ओले.

पूल माझा म्हणजे तसा सरकारचा. पण एका वेळी एकच गाडी जाईल एवढाच तो रुंद आहे, समोरून कुणी येत असलं की थांबावं लागतं, आणि थांबतात ते नेमके माझ्या व्हरांड्यासमोर. त्यात एकतीस वर्षं मी या खोऱ्यातली शाळेची बस चालवली आहे. कुणाची गाडी कुठल्या वेळेला कुठल्या दिशेला असायला हवी हे मला झोपेतही सांगता येईल. आमच्याकडे ओळखीच्या माणसाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतात. पूर्ण हात हलवला की समजावं, पाहुणा हॉबार्टहून, म्हणजे शहरातून, आलेला आहे. टॅमझिनला इथे चार वर्षं झाली होती आणि ती व्यवस्थित एक बोट उचलायची. त्या शुक्रवारांना मात्र दोन उचलायची. बाई खुशीत असल्याशिवाय दुसरं बोट उचलत नाही.

"पुरुष असणार," दुकानातली नोरीन म्हणाली. नोरीन माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि दुप्पट वाईट मनाची.

"ओल्या केसांचा पुरुष?"

"केस तिचे ओले आहेत, मर्ल. पुरुषाचे कोण बघतंय? नदीकाठी तो शिंपलेवाला नाही का, घटस्फोट झालेला."

"त्याला गुडघा वाकवता येत नाही."

"मग ती फिजिओथेरपिस्ट आहेच की," नोरीन म्हणाली आणि माझ्या पिशवीत बटाटे भरू लागली.

आता फर्गसबद्दल सांगायला हवं, म्हणजे टॅमझिनच्या नवऱ्याबद्दल. हॉबार्टला सरकारी कचेरीत नकाशे काढायचा. नकाशे काढता काढता त्याला वाटायला लागलं की यातल्या एका ठिपक्यावर आपण राहावं, आपलं आपण पिकवावं, आपलं आपण खावं, दुकानाचं तोंड बघू नये. असं वाटणारे पुष्कळ येतात आमच्याकडे. दुसऱ्या हिवाळ्यात निम्मे परत जातात आणि कोंबड्या आम्हाला देऊन जातात. फर्गस गेला नाही. तो पहाटे गाय पिळायचा, चीज लावायचा, कुंपण घालायचा, पाव स्वतः भाजायचा. तो पाव मी एकदा खाल्लाय. चव चांगली होती, पण माझा दात नवा होता. माणूस कष्टाळू, गोड बोलणारा, दारू बेताची. त्याच्यात खोट काढायला मला सुद्धा मेहनत पडली.

टॅमझिन आठवड्यातले चार दिवस दवाखान्यात लोकांच्या कंबरा सरळ करायची आणि उरलेले तीन दिवस स्वतःची वाकडी करायची. पण तिला ओढून आणलं होतं असं कुणी समजू नये. ते घर तिनेच पसंत केलं होतं. कशासाठी, ते मला ठाऊक होतं, कारण विकणारा म्हातारा हेंड्री माझा चुलतभाऊ. त्याच्या न्हाणीघरात खिडकीखाली पाय असलेला मोठा बिडाचा टब होता आणि खिडकीतून सफरचंदाची बाग दिसायची. घर बघायला आलेली टॅमझिन बूट घालूनच त्या कोरड्या टबात आडवी झाली होती, दहा मिनिटं पडून राहिली आणि म्हणाली, "घेऊ या." फर्गस तेव्हा बाहेर जमिनीचा वास घेत होता.

तर त्या ओल्या केसांनी मला सहा आठवडे झोपू दिलं नाही. सातव्या शुक्रवारी मला अचानक आठवण झाली की फुटबॉलच्या मैदानावरचं कँटीन आपण हंगामाआधी साफ करायला हवं. किल्ली माझ्याकडेच असते. मार्च महिना, आमच्याकडे उन्हाळा नुकता सरलेला, खेळ सुरू व्हायला अजून वेळ, मैदानावर चिटपाखरू नव्हतं. आणि निळी गाडी तिथे, खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीसमोर, उभी होती.

दारापाशी गेले. आत पाण्याचा आवाज आणि त्यावर कुणीतरी गात होतं, अगदी बेसूर, मनापासून. एकच आवाज. मी नीट ऐकलं, एकच. खरं सांगायचं तर थोडी निराशाच झाली.

बाकावर बसले. पाऊण तासाने टॅमझिन बाहेर आली, डोक्याला टॉवेल, गाल उकडलेल्या बीटासारखे. मला बघून दचकली सुद्धा नाही.

"मला वाटलंच होतं, तुम्ही पाचव्या आठवड्यातच याल म्हणून," ती म्हणाली. "उशीर केलात, मर्ल मावशी."

"गुडघा दुखत होता."

"दाखवायचा होता मला."

नेटबॉल क्लबची ती सचिव, म्हणून तिच्याकडे या खोलीची किल्ली. गाडीत बसलो. तिने कागदी पिशवीतून बेकरीतलं मटणाचं पॅटिस काढलं, अर्धं मला दिलं. मग सांगितलं. टाकीत पाणी पावसाचं, उन्हाळे कोरडे. म्हणून फर्गसने घरात अंघोळीची वेळ ठरवली होती. अंडं उकडायचं वाळूचं घड्याळ न्हाणीत ठेवलं होतं. वाळू संपली की पाणी बंद. पाणी सुद्धा कोमटच, कारण गॅस फर्गसच्या तत्त्वात बसत नव्हता.

"तीन मिनिटं," ती म्हणाली. "मी रोज अर्धकच्ची बाहेर येते."

"आणि टब?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की पॅटिस माझ्या हातातच राहिलं. "टब डचेसकडे आहे."

डचेस म्हणजे त्यांची गाय.

आता इथे माझीही चूक आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. आमच्या खोऱ्यात जुना टब निघाला की तो कुरणात जातो, गुरांना पाणी प्यायला. प्रत्येक कुरणात एक असतो. त्यांच्या कुंपणाशेजारून मी दोन वर्षं जात होते, डचेसला त्या टबात तोंड घालून पिताना बघत होते, आणि टब कुठून आला असेल हे माझ्यासारख्या बाईच्या मनात आलं नाही. फर्गसनेही तसं काही वाईट मनात धरून केलं नव्हतं. पहिल्या कोरड्या उन्हाळ्यात टाकी आटली, त्याने टब उचकटला आणि नेऊन ठेवला, इथल्या माणसांसारखा वागला म्हणून त्याला उलट बरंच वाटलं असेल.

"मागच्या आठवड्यात दवाखान्यात एका आजोबांनी माझा वास घेतला," टॅमझिन म्हणाली. "म्हणाले, गाय आहे वाटतं घरी. प्रेमाने म्हणाले हो." मग तिने गाडीचा कप्पा उघडला आणि एक कागद काढला. एल्सीच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या, हॉबार्टमधल्या हायस्कूलचा अर्ज. भरलेला. सहीची जागा तेवढी रिकामी. मंगळवार शेवटचा दिवस.

"मी आणि दोन्ही मुलं, एल्सी आणि जूड, माझ्या बहिणीकडे राहू. फर्गस शनिवार-रविवार येईल. गाय पिळून वेळ उरला तर."

"त्याला माहीत आहे?"

"मी सांगितलं तर तो मला समजावेल. तो फार छान समजावतो. मला दमायला होतं." तिने कागद परत कप्प्यात ठेवला. "तुम्ही त्याला काही बोलायचं नाही."

मी वचन दिलं. वचन मी पाळते. मला ते आवडत नाही एवढंच.

दुसऱ्याच दिवशी फर्गस माझ्या पुलावर थांबला. समोरून कुणीही येत नव्हतं तरी थांबला. गाडीतून उतरला, हातात चीज.

"हे तुमच्यासाठी."

"काय हवंय ते आधी सांग, मग घेते."

तो पायरीवर बसला. बराच वेळ टोपी फिरवली. "मावशी, तुम्हाला सगळं कळतं. टॅमझिन शुक्रवारी कुठे जाते?"

"तिला विचारलंस?"

"म्हणते, नेटबॉलचं काम. हंगाम सुरू व्हायचाय अजून." त्याचा आवाज खाली गेला. "आनंदात येते ती. मी मूर्ख नाही. घरातून जाताना नसते आनंदात. कुणी आहे का, एवढंच सांगा."

वचन नसतं तर मी त्याला पाच मिनिटांत मोकळा केला असता. आणि खरं म्हणजे थोडा ताणलाही असता. पण मला एक वेगळीच गोष्ट आठवली. या घरचं-पिकवा-घरचं-खा माणसांचा एक स्वभाव मी बघून ठेवलाय. नवीन वस्तू म्हटली की त्यांच्या अंगावर काटा येतो. तीच वस्तू गंजलेली, शेडमधून काढलेली, कुणाच्या तरी आजीची असली की डोळे भरून येतात.

"माझ्या शेडमध्ये आईचा बंब आहे," मी म्हटलं.

"बंब?"

"तांब्याचा. खालून चार लाकडाच्या ढलप्या घातल्या की वरून वाफाळतं पाणी. चाळीस साली घेतलेला. भंगारवाल्याला देणार होते."

फर्गस उठून उभा राहिला. बायको, शुक्रवार, सगळं क्षणभर विसरला असावा. शेडमध्ये गेला, बंबावरून हात फिरवला, झडप उघडून बघितली, धुराची नळी बघितली, लहान मुलासारखा गुडघ्यावर बसला. "हा अजून चालेल, मावशी. ढलप्यांवर. गॅस नको, वीज नको."

"चालेल की. पण एवढं गरम पाणी घालणार कशात?"

"कशात म्हणजे... टबात."

"आहे तुझ्याकडे?"

त्याने झडप पुन्हा बंद केली. मी बंबावरची कोळ्याची जाळी काढत राहिले, त्याच्याकडे न बघता.

"होता," तो म्हणाला.

"आता कुणाकडे आहे?"

"डचेसकडे."

"भाग्यवान आहे डचेस. रोज डुंबते म्हणायची. तुझ्या बायकोच्या वाट्याला काय आहे? वाळू?"

हे वचनात बसतं की नाही यावर नोरीनचं आणि माझं अजून भांडण आहे. माझं म्हणणं, मी मैदानाचा म सुद्धा काढला नाही. फर्गस बंबाशेजारी जमिनीवर बसला आणि तसाच बसून राहिला. नकाशे काढणारा माणूस, त्याला रेषा जोडायला वेळ लागतो पण जोडल्या की चुकत नाहीत.

"ती कोरड्या टबात झोपली होती," तो म्हणाला. "घर बघायला आलो त्या दिवशी. मी बाहेरून खिडकीतून बघितलं होतं. बूट घालून." मग म्हणाला, "मी विसरलो, मावशी. खरंच विसरलो."

रविवारी टॅमझिन मुलांना घेऊन बहिणीकडे गेली होती. आम्ही तिघांनी तो टब कुरणातून काढला. फर्गस, नोरीनचा नवरा आणि मी सूचना द्यायला. आत शेवाळ, तळाशी बेडूक. डचेस कुंपणापर्यंत मागून आली आणि अशी हंबरली की शेजारच्या गुरांनी माना वर केल्या. तिला मी माझं कपडे भिजवायचं जुनं पिंप दिलं. तिने त्यात तोंड घातलं नाही, दोन दिवस रुसली होती.

न्हाणीघरात टबाच्या चार पायांचे चार ठसे फरशीवर अजून होते. बरोबर त्यांच्यावरच तो बसला. बंबाची नळी भिंतीतून बाहेर काढली. पाण्याचं काय, हा प्रश्न होताच. एका टबाला लागणारं पाणी म्हणजे फर्गसच्या तीन वाफ्यांचं. त्याने बाहेर जाऊन वाफ्यांकडे पाहिलं, मग कोबी, फ्लॉवर आणि ज्याच्यावर त्याचं फार प्रेम होतं तो जांभळा बटाटा, तिन्ही उपटले. तोंड पडलं होतं, पण उपटले. टबातून वाहून जाणारं पाणी मात्र त्याने नळीने भोपळ्यांकडे वळवलं. स्वभाव जाईल कुठे.

टॅमझिन चारला आली. मी नेमकी तिथेच होते, कारण माझा हातोडा राहिला होता. तिने न्हाणीघराच्या दारातून आत बघितलं. बंब धुमसत होता, टब भरलेला, खिडकीतून सफरचंदं दिसत होती. वाळूचं घड्याळ कुठे दिसलं नाही.

"हे कुणी सांगितलं तुला?" तिने फर्गसला विचारलं, पण बघितलं माझ्याकडे.

"गाईने," फर्गस म्हणाला.

ती हसली नाही. गाडीच्या कप्प्यातून तो अर्ज आणला आणि त्याच्या हातात दिला. "हे वाच. समजावू नकोस. नुसतं वाच." मग आत गेली आणि कडी लावली.

फर्गस बाहेर पायरीवर बसून वाचत होता, दोनदा, तीनदा. मध्येच उठून बंबात ढलपी टाकायचा, लाकडं घालायचं बंबाचं तोंड भिंतीबाहेर ठेवलंय. जूड ढलप्या आणून देत होता. आतून तेच बेसूर गाणं यायला लागलं. त्याने कागदावरून मान वर केली. टब गेल्यापासून त्याने ते घरात ऐकलं नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. ती तासभर आत होती आणि तो काही बोलला नाही.

बुधवारी मी तिला पुलावर हात आडवा घालून थांबवलं. "काय झालं त्या कागदाचं?"

"पाठवला नाही."

"फाडलास?"

"नाही. गाडीतच आहे. पुढच्या वर्षीसुद्धा अर्ज घेतात." तिने कप्प्यावर बोटाने टकटक केलं. "आता फर्गसला ठाऊक आहे तो इथे आहे. तेल तपासायला गाडी घेतो तेव्हा कप्पा उघडून बघतो. मला कळतं, कागद हलवलेला असतो."

"आणि शुक्रवारचं नेटबॉल?"

"ते चालूच आहे," ती म्हणाली. "बेकरी शुक्रवारीच मटणाचं पॅटिस करते, मावशी."

परवा गाडी गेली तेव्हा फर्गस शेजारी बसला होता, चोरासारखा मान खाली घालून. येताना दोघांच्या मांडीवर कागदी पिशव्या होत्या. तिने दोन बोटं उचलली. त्याने एक उचललं, मग जरा विचार करून दुसरं.

त्यांचे भोपळे यंदा नोरीनच्या दुकानात आले आहेत. चांगले मोठे. कापले की लॅव्हेंडर साबणाचा वास येतो, असं नोरीन म्हणते. मी दोन घेतले, मला तर काही आला नाही. पण तिला तसं सांगितलं नाही.