लंगड्याचा दाखला

आमच्या व्हरमाँटचा कायदाच तसा. अठरा ते पंचेचाळीस वयाच्या प्रत्येक धडधाकट गड्यानं जूनच्या पहिल्या मंगळवारी बंदूक आणि चकमकीचे दोन जादा दगड घेऊन मैदानात कवायतीला उभं राहायचं. सूट फक्त पाद्री, मास्तर, नावाडी आणि लंगड्यांना. मी मोची. पाद्री व्हायला अक्कल लागते, नावाडी व्हायला होडी. लंगडं व्हायला काय लागतं? पलटणीच्या डॉक्टरपुढे दहा पावलं खुरडत चाललो आणि दाखला खिशात घातला. स्वतःच्या हुशारीवर असा खूश झालो म्हणता!

त्या मंगळवारी बाकीचे उन्हात भाजत होते आणि मी खानावळीच्या ओट्यावर सावलीत आल्याचा केक खात बसलो होतो. दुपारी कवायत सुटली, अंगणात फिडल वाजू लागलं आणि गिरणीवाल्याची लोइस थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. दोन वर्षं मी तिच्यासाठी झुरत होतो, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

"ओबेड, ऊठ की! का हात धरून उठवू?"

तिच्या मागे आमचा कॅप्टन जेरेड पीबडी मिशीत हसत होता. "नाच रे मोची, नाच. एक गिरकी घेतलीस की दाखला फाडलाच म्हणून समज."

आणि मी, शहाण्यांचा शिरोमणी, म्हणालो, "डावा पाय दुखतोय गं."

मग जेरेडनं तिचा हात धरला. त्या दुपारचे चारही नाच ते दोघंच नाचले. अर्धा केक मी तसाच ओट्यावर ठेवला.

ऑक्टोबरात लोइस दुकानात आली, लग्नाचे जोडे शिवून घ्यायला. नवरा जेरेड. ज्या पावलाकडे दोन वर्षं चोरून पाहिलं, ते पाऊल हातात आलं ते असं, माप घ्यायला! कातडं आणायला उठलो आणि सवयीनं लंगडलो.

"तेव्हा डावा होता ना रे?"

"काय?"

"पाय. आज उजवा लंगडतोयस." तिनं आपला जुना जोडा हळूच परत पायात चढवला. "मला तेव्हाच कळलं होतं. एक नाच, ओबेड. तेवढंही जमलं नाही तुला?"

मान खाली घालून तिला दारापर्यंत सोडायला गेलो. बाहेर जेरेड गाडीत वाट बघत होता. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं, तेव्हा कुठं लक्षात आलं, दुःखाच्या भरात मी लंगडायचंच विसरलो होतो.

"मोची," तो म्हणाला, "जूनमध्ये बंदूक घेऊन ये. आणि हिचे जोडे मजबूत शिव, फार नाचते ती."